सूत्रे कोणाकडे, भार कोणावर? इंग्रजी वाक्प्रचारांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईतल्या बँका, विमा कंपन्या, गोदी, रुग्णालये आणि संगणक क्षेत्रातल्या कचेऱ्यांत दिवसभर इंग्रजीत पत्रव्यवहार करणाऱ्या आणि घरी मराठी बोलणाऱ्या वाचकांसाठी हे प्रश्न एकत्र केले आहेत. विचारणाऱ्याला वाक्प्रचाराचा अर्थ बहुतेक वेळा ठाऊक असतो. त्या वाक्याने आपल्या हाती अधिकार आला की गळ्यात काम पडले, हे ठरवताना मात्र त्याची अडचण होते.

असे वाक्प्रचार शेकड्याने आहेत. ते ओळखण्याची काही सोपी खूण आहे का?

आहे. वाक्प्रचारातली वस्तू हातात धरायची आहे की अंगावर पडणारी आहे, एवढे आधी पाहावे. सुकाणू, लगाम, चाबूक, बाहुल्यांच्या दोऱ्या, गाडीचे चाक या वस्तू ज्याच्या हातात, त्याचे नियंत्रण. उलट खांद्यावरचे ओझे, घशात अडकलेला गळ, टेबलावर आलेले बिल, कोणीतरी वाहून न्यायचा डबा या गोष्टी ज्याच्या वाट्याला येतात, त्याची जबाबदारी किंवा त्याच्यावरचा दोष. 'होल्ड द रेन्स' पहिल्या गटात बसतो. 'ऑन द हुक', 'फुट द बिल', 'कॅरी द कॅन', 'शोल्डर द ब्लेम' हे सगळे दुसऱ्या गटात.

मराठीचा कारभारही असाच आहे. एकाच दिवशी एकाच अधिकाऱ्याविषयी एक वर्तमानपत्र 'सूत्रे स्वीकारली' असे छापते आणि दुसरे 'कार्यभार स्वीकारला' असे छापते. सूत्रे हाताने हलवायची असतात, भार अंगावर घ्यायचा असतो. दोन्ही एकाच माणसाकडे असतील तर उत्तम. पण वाक्प्रचार सहसा एकाचेच नाव घेतो आणि दुसऱ्याविषयी गप्प राहतो. कचेरीतले बरेचसे तंटे या गप्प राहण्यातून निघतात, असे माझे मत आहे.

'द बक स्टॉप्स हिअर' यातला 'बक' म्हणजे डॉलर का?

नाही. हा 'बक' पत्त्यांच्या डावातला आहे. अमेरिकेत पोकर खेळताना पत्ते वाटण्याची पाळी कोणाची हे दाखवण्यासाठी त्याच्यापुढे एक खुणेची वस्तू ठेवत. ती बहुधा हरणाच्या शिंगाची मूठ असलेली सुरी असे, आणि 'बक' म्हणजे नर हरीण, असा खुलासा सर्वसाधारणपणे दिला जातो. ज्याला पत्ते वाटायचे नसत तो ही खूण शेजाऱ्यापुढे सरकवी. त्यावरून 'पास द बक' म्हणजे आपल्यावर आलेले काम किंवा उत्तर देण्याची वेळ पुढच्यावर ढकलणे, ज्याला आपण टोलवाटोलवी म्हणतो.

हा खेळ कुठेतरी थांबला पाहिजे, असे सांगणारे उलट वाक्य राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांच्या टेबलावरच्या पाटीमुळे जगभर गेले. ओक्लाहोमातल्या एल रेनो येथील सुधारगृहात तयार झालेली ती पाटी ट्रुमन यांच्याकडे ऑक्टोबर 1945 मध्ये, म्हणजे दुसरे महायुद्ध संपून जेमतेम काही आठवडे झाले असताना, पोहोचली. पाटीच्या मागच्या बाजूला 'मी मिसुरीचा आहे' अशा अर्थाची ओळ होती. मिसुरीचा माणूस पुरावा पाहिल्याशिवाय विश्वास ठेवत नाही, असा अमेरिकेत समज असल्यामुळे ही मागची ओळही विषयाला धरूनच होती. फरक इतकाच की ती बसणाऱ्याच्या बाजूने वाचायची होती. जानेवारी 1953 मधल्या निरोपाच्या भाषणातही ट्रुमन यांनी याच शब्दांचा आधार घेऊन सांगितले, की अध्यक्ष कोणीही असो, निर्णय त्यालाच घ्यावा लागतो आणि तो दुसऱ्या कोणावर ढकलता येत नाही.

या वाक्प्रचाराचे मोल असे, की निर्णयाचा अधिकार आणि परिणामांची जबाबदारी या दोन्ही गोष्टी तो एकाच खुर्चीत बसवतो. म्हणूनच तो फक्त स्वतःविषयी वापरावा. दुसऱ्याकडे बोट दाखवून 'द बक स्टॉप्स विथ यू' म्हणणे हे पुन्हा ढकलणेच झाले.

'ॲट द हेल्म' म्हणजे प्रमुख. मग सुकाणू धरणारा खलाशी प्रमुख कसा?

प्रश्न अगदी योग्य आहे, आणि मुंबई बंदरात येणारे कोणतेही मोठे जहाज पाहिले की तो आणखी योग्य वाटतो. बंदराच्या तोंडाशी पायलट नावाचा वाटाड्या जहाजावर चढतो, कारण इथला गाळ, भरती-ओहोटी आणि वळणे त्याला ठाऊक असतात. तो दिशा आणि वेग सांगतो. चाकावर हात असतो तो एका खलाशाचा. त्याने ऐकलेला हुकूम मोठ्याने परत उच्चारायचा आणि तेवढेच चाक फिरवायचे. आणि जहाजाला काही झाले तर उत्तर द्यायचे ते या दोघांनी नव्हे, कप्तानाने, ज्याला व्यापारी जहाजांवर मास्टर म्हणतात. जहाजाच्या नोंदवहीत यासाठी 'टू मास्टर्स ऑर्डर्स अँड पायलट्स ॲडव्हाइस' असे लिहिण्याची जुनी पद्धत आहे: हुकूम मास्टरचा, सल्ला पायलटचा. पनामा कालवा हा याला ठळक अपवाद मानला जातो, कारण तिथे जहाज चालवण्याचे नियंत्रणच पायलटकडे जाते.

म्हणजे खऱ्या जहाजावर ज्ञान एकाचे, हात दुसऱ्याचा आणि भार तिसऱ्याचा. वाक्प्रचाराने या तिघांचा एकच माणूस करून टाकला. आपणही तेच केले आहे: 'कर्णधार' या शब्दाचा मूळ अर्थ सुकाणू धरणारा असाच आहे, आणि आज तो वानखेडेवर नाणेफेकीला येणाऱ्या खेळाडूसाठी निःशंकपणे वापरला जातो.

त्यामुळे 'शी इज ॲट द हेल्म' असे वाचले की 'नेतृत्व तिच्याकडे आहे' इतकाच अर्थ घ्यावा. रोजचे काम तीच करते, असा अर्थ त्यातून निघत नाही.

'इन द ड्रायव्हिंग सीट' यालाही हेच लागू होते का?

बरेचसे. ब्रिटिश माणूस 'ड्रायव्हिंग सीट' म्हणतो, अमेरिकन 'ड्रायव्हर्स सीट', आणि दोघांच्याही डोळ्यांपुढे मोटार असते, जिच्यात चालवणारा आपल्या मर्जीने थांबतो आणि निघतो. लोकलच्या प्रवाशाला ही प्रतिमा थोडी अपुरी वाटावी. पुढच्या केबिनमध्ये मोटरमन असतो, पण स्थानकातून गाडी हलते ती मागच्या गार्डने बेल दिल्यावर. आणि या गार्डचे अधिकृत पदनाम 2022 पासून 'ट्रेन मॅनेजर' असे झाले आहे. पुढे बसलेल्याच्या हाती वेग आहे, निघण्याची परवानगी मागच्याकडे आहे.

'ऑन माय वॉच' यात घड्याळ कुठून आले?

घड्याळ नाही, पहारा. जहाजावरच्या दिवसाचे भाग पाडलेले असतात आणि प्रत्येक भागाला 'वॉच' म्हणतात. परंपरेने चार-चार तासांच्या पाच पाळ्या आणि संध्याकाळी चार ते आठ या वेळात दोन-दोन तासांच्या दोन छोट्या पाळ्या, अशा एकूण सात होतात. संख्या विषम ठेवल्यामुळे त्याच खलाशांच्या नशिबी रोज मध्यरात्रीची पाळी येत नाही. दर अर्ध्या तासाला घंटा होते. आपल्या पाळीत जे घडेल त्याचे उत्तर आपण द्यायचे, मग त्याला आपला हात लागलेला असो वा नसो.

हा शेवटचा भाग महत्त्वाचा आहे. 'इट हॅपन्ड ऑन माय वॉच' असे म्हणणारा माणूस 'मी केले' असे म्हणत नाही. 'तेव्हा राखण माझ्याकडे होती' असे म्हणतो. ही प्रामाणिक कबुली असू शकते आणि बेताने घेतलेली अर्धी कबुलीही असू शकते, आणि कोणती ते पुढच्या वाक्यावरून कळते. 'नॉट ऑन माय वॉच' हे मात्र सरळ आव्हान आहे: मी असेपर्यंत हे होऊ देणार नाही.

'पुल स्ट्रिंग्ज' आणि 'पुल द स्ट्रिंग्ज' यांत फरक आहे का?

एका 'द'चा फरक आहे, पण तो चांगलाच महागात पडतो. 'ही पुल्ड स्ट्रिंग्ज' म्हणजे त्याने वशिला लावला, ओळख वापरून काम करून घेतले. 'ही पुल्स द स्ट्रिंग्ज' म्हणजे पडद्याआडून सूत्रे तोच हलवतो, पुढे दिसणारी माणसे कळसूत्री बाहुल्या आहेत. पहिल्यात माणूस बदलीसाठी कोणाच्या तरी दारात उभा आहे. दुसऱ्यात त्याच्या दारात इतर उभे आहेत. वार्षिक मूल्यमापनात वरिष्ठांविषयी दुसरे वाक्य लिहिले तर ते कौतुक ठरणार नाही, कारण इंग्रजीत या प्रतिमेला कपटाचा वास आहे. मराठीतला 'सूत्रधार' नाटकाच्या प्रारंभी उघडपणे रंगमंचावर येतो, म्हणून नाटकवाल्यांच्या तोंडी त्या शब्दाला मान आहे. गुन्ह्याच्या बातमीत मात्र तोच 'मुख्य सूत्रधार' होऊन बसतो.

'फ्री रेन', 'व्हिप हँड', 'अपर हँड' यांचे काय?

'फ्री रेन' म्हणजे लगाम सैल सोडणे. यातला 'रेन' लगामाचा आहे. तसाच उच्चार असलेल्या राज्यकाळाच्या शब्दाचे स्पेलिंग इथे लिहिणे ही इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांचीही नेहमीची चूक आहे. लगाम सैल सोडला तरी तो कोणाच्या तरी हातात असतोच, तेव्हा 'यू हॅव फ्री रेन' असे म्हणणाऱ्याने मोकळीक दिली आहे, मालकी दिलेली नाही. 'व्हिप हँड' म्हणजे घोडागाडी हाकणाऱ्याचा चाबकाचा हात. 'अपर हँड' म्हणजे वरचष्मा. वाटाघाटी, सामना, निवडणूक अशा झुंजीच्या संदर्भातच तो शोभतो.

'इन चार्ज ऑफ' आणि 'इन द चार्ज ऑफ' हे एकच ना?

अगदी उलट आहेत. 'द नर्स इज इन चार्ज ऑफ द चाइल्ड' म्हणजे मूल परिचारिकेच्या ताब्यात. 'द चाइल्ड इज इन द चार्ज ऑफ द नर्स' म्हणजेही तेच, पण वाक्य आता मुलाच्या बाजूने आहे. 'द' चुकून मध्ये आला की साहेब शिपायाच्या देखरेखीखाली जातात.

याच जोडीने 'रिस्पॉन्सिबल फॉर' आणि 'रिस्पॉन्सिबल टू' लक्षात ठेवावेत. 'फॉर'च्या पुढे काम येते, 'टू'च्या पुढे ज्याला उत्तर द्यायचे तो माणूस येतो. 'अकाउंटेबल' हा शब्द त्याही पुढे जातो. प्रकल्पांच्या कामात आर-ए-सी-आय नावाचा तक्ता वापरतात. त्यात 'आर' म्हणजे प्रत्यक्ष काम करणारा, 'ए' म्हणजे अखेर जबाब देणारा, 'सी' म्हणजे ज्याचा सल्ला घ्यायचा तो आणि 'आय' म्हणजे ज्याला फक्त कळवायचे तो. 'आर' कितीही असू शकतात, 'ए' प्रत्येक कामाला एकच असावा असा दंडक आहे. तक्त्यात आपल्या नावापुढे कोणते अक्षर आहे ते बैठक संपण्यापूर्वी पाहून घ्यावे.

साहेबांना 'द बॉल इज इन युवर कोर्ट' असे लिहावे का?

लिहू नये. वर्तमानपत्री मराठीने 'चेंडू आता त्यांच्या कोर्टात' हे इतके आपलेसे केले आहे, की त्यातली धार आपल्याला जाणवत नाही. टेनिसमध्ये समोरच्याच्या अंगणात चेंडू मारणारा हा प्रतिस्पर्धी असतो. समान पातळीवरच्या दोन पक्षांत हे वाक्य चालते. वरिष्ठांना लिहिले तर 'मी माझे केले, आता तुमचे तुम्ही बघा' असे ऐकू येते. त्यांच्या निर्णयाची वाट पाहत आहोत, असे साध्या शब्दांत कळवणे बरे.

याच घरातले आणखी काही प्रयोग वरवर सारखे दिसतात. 'इट्स युवर कॉल' म्हणजे निर्णय तुमचा. 'इट्स अप टू यू' म्हणजे तुमच्या मर्जीवर आहे. 'इट्स डाउन टू यू' हा मुख्यतः ब्रिटिश प्रयोग, आणि त्याचा अर्थ हे तुमच्यावर आहे किंवा हे तुमच्यामुळे झाले. 'इट्स ऑन यू' म्हणजे दोष तुमचा. वरून खाली येताना अधिकार कसा कमी होत जातो आणि ओझे कसे वाढत जाते, ते पाहण्यासारखे आहे.

'स्केपगोट' म्हणजेच बळीचा बकरा ना?

व्यवहारात हो; मुळात नाही. बायबलच्या लेवीय या पुस्तकाच्या 16 व्या अध्यायात दोन बोकडांचा विधी आहे. एकाचा बळी दिला जातो. दुसऱ्याच्या डोक्यावर मुख्य याजक अहरोन हात ठेवतो, लोकांची सगळी पापे उच्चारून त्याच्यावर लादतो आणि मग तो बोकड जिवंतपणी रानात सोडून दिला जातो. विल्यम टिंडल यांनी 1530 मध्ये इंग्रजीत भाषांतर करताना या निसटणाऱ्या बोकडासाठी हा शब्द घडवला. तेव्हा मूळ कथेत बळीचा बकरा हा दुसराच, आणि दोष वाहणारा जिवंत राहतो. कंपन्यांतही बऱ्याचदा असेच होते: ज्याच्यावर खापर फुटते त्याची नोकरी जाते असे नाही, त्याला दूरच्या शाखेत पाठवले जाते.

याच्या आसपासचे प्रयोग थोडक्यात सांगता येतील. 'फॉल गाय' हा ठरवून अडकवलेला माणूस. 'लेफ्ट होल्डिंग द बेबी' म्हणजे बाकीचे पसार झाले आणि निस्तरायला हा एकटा उरला. अमेरिकेत बाळाऐवजी पिशवी असते. 'थ्रो समवन अंडर द बस' म्हणजे स्वतःला वाचवण्यासाठी आपल्याच सहकाऱ्याला पुढे करणे. 'वॉश वन्स हँड्स ऑफ इट' यात येशूच्या मृत्युदंडाच्या वेळी रोमन सुभेदार पिलाताने जमावासमोर पाणी घेऊन हात धुतल्याचा, बायबलमधल्या मत्तयाच्या पुस्तकाच्या 27 व्या अध्यायातला प्रसंग आहे. आपला 'हात झटकणे' याच्या जवळचा असला, तरी त्याला पाणीही लागत नाही.

'मिस्टेक्स वेअर मेड' या वाक्याला इतकी नावे का ठेवतात?

कारण त्यात चूक आहे आणि चूक करणारा नाही. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी 1876 मध्ये काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, पाठवलेल्या अखेरच्या वार्षिक संदेशात अशा धाटणीची कबुली दिली होती. जानेवारी 1987 मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी इराणबाबतच्या प्रकरणाविषयी बोलताना गंभीर चुका झाल्या असे याच कर्मणी रचनेत सांगितले. व्याकरणात त्यात काहीच गैर नाही. गैर आहे ती कर्त्याची रिकामी खुर्ची.

मराठी वाचकाने मात्र इथे फार हसू नये. 'असे कळविण्यात येते की', 'निर्णय घेण्यात आला', 'गैरसोयीबद्दल दिलगिरी व्यक्त करण्यात येत आहे' ही आपली रोजची सरकारी आणि निमसरकारी भाषा आहे, आणि तिच्यातही करणारा सापडत नाही. पण बोलीत आपल्याकडे एक सोय आहे जी इंग्रजीला सहज नाही. 'मी कप फोडला' म्हटले तर मुद्दाम फोडला असे वाटते. 'कप फुटला' म्हटले तर मी सुटलो. 'माझ्या हातून कप फुटला' किंवा 'माझ्याकडून फुटला' यात हेतू नाही, पण हात माझा आहे, हे एकाच वाक्यात येते. भार घेतला आणि हेतू नाकारला. इंग्रजीत हे सांगायला 'ॲक्सिडेंटली' असा वेगळा शब्द जोडावा लागतो, आणि तो जोडला की कधीकधी सबब सांगितल्यासारखे होते. त्यामुळे 'माझ्याकडून आकडा चुकला' हे इंग्रजीत नेताना 'द फिगर वॉज राँग' असे लिहिण्याचा मोह होतो. ते लिहिले की आपण मराठीत दिलेली अर्धी कबुलीही गळून पडते. 'आय गॉट द फिगर राँग' हे नम्र आणि पुरेसे आहे. त्यात मुद्दाम केल्याची छटा येत नाही.

'हू वेअर्स द ट्राउझर्स' हे आज वापरावे का?

समजावे, वापरू नये. घरात कोणाचे चालते, हे विजारीवरून ठरवणारा हा प्रयोग बायकांनी विजार घालणे विचित्र मानले जाई त्या काळातला आहे, आणि तो बायकोविषयी कुत्सितपणेच वापरला जातो. 'अंडर समवन्स थंब' तुलनेने निर्धोक आहे. त्याला आपला 'ताटाखालचे मांजर' चपखल बसतो, आणि चित्र म्हणून मला तोच सरस वाटतो.

'टेक ओनरशिप' असे सांगितले तर मालकी मिळाली असे समजावे का?

अजिबात नाही. वेसावे किंवा वरळीच्या कोळीवाड्यात हे कोणीही समजावून सांगेल. होडी नाखव्याची असते. समुद्रात ती कुठे न्यायची, जाळे केव्हा टाकायचे हे तांडेल सांगतो. जाळे ओढतात खलाशी. कचेरीतल्या 'ओनरशिप'मध्ये नाखव्याचा नफा नसतो. पुष्कळदा तांडेलाचा हुकूमही नसतो. उरते ते जाळे, आणि मासळी कमी आली तर ऐकून घेणे. म्हणून हा शब्द कानावर आला की तीन गोष्टी विचाराव्यात: माणसे बदलण्याचा, पैसा खर्च करण्याचा आणि मुदत पुढे नेण्याचा अधिकार यांपैकी काय माझ्याकडे आहे? तिन्हींना उत्तर 'विचारून' असे आले, तर मिळाले ते काम आहे, आणि ते काम म्हणूनच स्वीकारावे.

एकाच कामावर दोघे असतील तर सूत्रे कोणाकडे हे इंग्रजीत कसे सांगावे?

वैमानिकांची पद्धत उत्तम. एक जण 'यू हॅव द फ्लाइट कंट्रोल्स' म्हणतो, दुसरा 'आय हॅव द फ्लाइट कंट्रोल्स' असे उत्तर देतो आणि पहिला पुन्हा पहिले वाक्य म्हणून खात्री करतो. तीन वाक्ये होईपर्यंत पहिल्याने हात काढायचा नाही. रुग्णालयातली पाळी बदलताना किंवा बँकेत रजेवर जाताना काम सोपवण्याच्या मेलला 'नोटेड' असे उत्तर आले, तर दुसरे वाक्य अजून झालेले नाही.

'प्लीज डू द नीडफुल' लिहिणे चूक आहे का?

चूक नाही, ब्रिटनमध्ये ते जुनाट वाटते, आपल्याकडे चालते. मंत्रालयातल्या फायलीवरच्या 'माहिती व आवश्यक कार्यवाहीसाठी' या शेऱ्याचे ते सख्खे भावंड आहे. अडचण अशी, की आवश्यक काय, ते कोणी ठरवायचे आणि कोणी करायचे, हे त्यात नसते. पाच जणांना एकदम पाठवले तर पाचही जण ते इतर चौघांसाठी आहे असे समजतात, आणि त्यांचे फारसे चुकत नाही. त्याऐवजी एका माणसाचे नाव, एक काम, एक तारीख आणि अधिकाराची हद्द लिहावी. उदाहरणार्थ: कुलाबा शाखेचे आकडे शुक्रवारी दुपारपर्यंत तुम्ही तपासावेत, टंकलेखनाच्या चुका तुमच्या पातळीवर दुरुस्त कराव्यात, आणि एकूण रक्कम बदलत असेल तर आधी मला विचारावे. इंग्रजीत हे लिहायला एकही वाक्प्रचार लागत नाही.